१ नग कामाची १.२० नग पावती: प्रोजेक्टच्या हिशेबात ८,१०,००० चा चुना

पंप बसवण्याचं काम. परचेस ऑर्डरवर १ नग, दर ४०,५०,०००. काम पुढे सरकेल तशी अपूर्णांकात रिसीट, म्हणजे ‘इतकं काम मिळालं’ अशी हिशेबाच्या सिस्टीममधली नोंद. पहिली ०.३५, दुसरी ०.४०. उरलं ०.२५, म्हणजे १०,१२,५००. ठेकेदाराने अंतिम बिल लावलं ०.४५ चं: १८,२२,५००. सिस्टीमने निमूट घेतलं.

का घेतलं? ओव्हर-डिलिव्हरी टॉलरन्स, म्हणजे ऑर्डरपेक्षा जास्त घ्यायची सूट, २० टक्के. केबल-पाइप मापात कमीजास्त येतात म्हणून ठेवलेला, पण डिफॉल्ट असल्यामुळे मजुरीच्या ओळीलाही लागला. सर्व्हिसच्या ओळीवर टॉलरन्स शून्य करा, आजच. ठेकेदाराने बरोब्बर २० टक्केच उचलले, २१ नाही. आकडा त्याला कुठून कळला, हा प्रश्न आमच्याच ऑफिसात विचारायला हवा.

थ्री-वे मॅचिंग, म्हणजे ऑर्डर, रिसीट आणि बिल ताडून बघणं, होतं की! पण रिसीटच ठेकेदाराने लिहून दिलेल्या टक्क्यांवरून टाकली, तर बिल जुळणारच. टक्के साइटवरच्या माणसाने मोजावेत. बजेट ५०,००,०००, एकूण बिल ४८,६०,०००. त्यामुळे बजेट कंट्रोलची साधी वॉर्निंगही नाही.

आणि तो रकाना. रिसीटच्या स्क्रीनवर ‘शिल्लक’पुढे स्पष्ट उणे ०.२०. राउंडिंग असेल म्हणे! एका नगात ०.२० चं राउंडिंग? तीन रिसीट तीन महिन्यांत तीन जणांनी टाकल्या, हे खरं. पण उणे चिन्ह वाचायला मागचा इतिहास लागत नाही.

महसुली खर्च असता तर महिन्याच्या व्हेरियन्समध्येच (बजेट आणि खर्चातल्या फरकात) बोंब झाली असती. इथे सगळं कॅपिटल डब्ल्यूआयपीत, म्हणजे अपूर्ण भांडवली कामाच्या खात्यात, साचलं आणि प्रोजेक्ट बंद करताना एका एंट्रीत मालमत्तेवर गेलं. १० वर्षं समान घसारा धरला तर वर्षाला ८१,००० जादा; एवढ्याशा रकमेकडे कोण बघतं? डब्ल्यूआयपी रिकामं करण्याआधी प्रत्येक ओळ ऑर्डरशी ताडा. बेरीज नव्हे, ओळ.

सॉफ्टवेअरच्या सपोर्टचं उत्तर: सेटिंगप्रमाणेच चाललंय, तिकीट बंद. ऑडिटर म्हणाले, बिलाला रिसीट आहे, रिसीटला सही आहे. पोलिसांत गेलो तर ‘हा व्यवहारातला वाद, दिवाणी कोर्टात जा’. तिथे ठेकेदार ‘जादा काम केलं’ म्हणणार. चेंज ऑर्डर, म्हणजे वाढीव कामाची लेखी मंजुरी, एकही नाही, पण १.२० वर सह्या आमच्याच!

हातात आहे फक्त ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, २,४३,०००. ते धरूनही ५,६७,००० गेलेच. रिटेन्शन सोडवून घ्यायला आता ठेकेदाराचे रोज फोन येतात.