आरटीजीएसची हिरवी खूण आणि माझे ८१,००० रुपये

एका गिऱ्हाईकाने पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवला आणि माझे ८१,००० रुपये बुडाले, वर ५० चित्रांच्या ओपन फाइल, म्हणजे कुणालाही बदल करता येतील अशा मूळ फाइल, गेल्या. घरात अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, कारण ‘तरी म्हणत होतो, नोकरी धर’ हे ऐकून घ्यायची ताकद सध्या नाही. इथे लिहितेय ते फ्रीलान्स चित्रं काढणाऱ्यांसाठी.

काम मराठी मुळाक्षरांच्या कार्डांचं. १२ स्वर, ३६ व्यंजनं, एकूण ४८ चित्रं, चित्रामागे २,२५०, म्हणजे १,०८,००० रुपये. मागाहून त्याने ‘ताई, आता शाळेत ॲ आणि ऑ पण शिकवतात, तेवढी दोन टाकून द्या ना’ करत दोन कार्डं फुकटात काढून घेतली ती वेगळीच. २५ टक्के ॲडव्हान्स, २७,००० रुपये, कोटेशनवर होकार आल्याच्या अर्ध्या तासात यूपीआयने जमा. ‘तुला कळलं कसं नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी एवढं ध्यानात घ्यावं. आपल्याकडे भले भले ॲडव्हान्ससाठी महिनामहिना तंगवतात. इथे माणूस न मागता पैसे टाकतो, लेटरहेडवर पर्चेस ऑर्डर देतो, जीएसटी नंबर देतो. तो नंबर मी पोर्टलवर टाकून पाहिला होता. चालू होता. फक्त या माणसाचा नव्हता. नाव निराळं का, तर ‘फर्म काकांच्या नावावर आहे’. आता सांगा, काकांच्या नावावर चाललेले धंदे तुम्ही कमी पाहिलेत का?

शिवाय त्याला कामातलं कळत होतं. ‘ण बाणाचा’ या कार्डावर बाणाची पिसं टोकाच्या दिशेने झुकली होती; त्याने झूम करून गोल काढून पाठवलं, ‘ताई, पिसं मागे वळवा, नाहीतर बाण उलटा उडेल.’ असा डोळा असलेला गिऱ्हाईक वर्षात एखादा भेटतो. मी खूश झाले होते, काय सांगू.

(२५ टक्क्यांवर काम सुरू करू नका. निम्मे घ्या, आणि उरलेले टप्प्याटप्प्याने, दहा-दहा चित्रांमागे.)

मग तो शुक्रवार. संध्याकाळी सातच्या सुमारास मेसेज: ‘ताई, आरटीजीएस केलं. शिवकाशीला प्रिंटर खोळंबलाय, रात्रीच प्लेट काढणार. लेयरसकट फाइल टाका, वॉटरमार्क नको.’ आरटीजीएस म्हणजे बँकेतून बँकेत मोठी रक्कम पाठवायची सोय. सोबत त्याचा स्क्रीनशॉट. हिरवी खूण, ७०,२०० रुपये, खाली यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक. ८१,००० ऐवजी ७०,२०० का, तर पूर्ण १,०८,००० वरचा दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, १०,८०० रुपये, कापून. हिशोब चोख. त्या चोख हिशोबानेच घात केला. बुडवणारा माणूस टीडीएस कशाला कापेल?

आता तोच स्क्रीनशॉट उघडला की डोकं फिरतं. आरटीजीएसने दोन लाखांच्या खालची रक्कम जातच नाही. आणि यूटीआर १२ आकडी! आरटीजीएसचा २२ अक्षरी असतो. १२ आकडे यूपीआय, आयएमपीएस या झटपट पैसे पाठवायच्या सोयींना. सगळं माझ्या डोळ्यांसमोर, हिरव्या रंगात. बँकेचा एसएमएस आला नाही म्हणून मी विचारलंही होतं हो! ‘वीकेंड आहे ना ताई, सोमवारी दिसेल.’ आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, रविवारीसुद्धा. पण हे कोण पाठ करून बसतं? मी चित्रं काढते, बँकेत कारकून नाही. साडेआठला ड्राइव्हची लिंक दिली. सोमवारपासून फोन बंद.

पैसे आले की नाही हे आपल्या बँकेचं ॲप सांगतं, समोरच्याचा स्क्रीनशॉट नाही. प्रिंटर खोळंबला तर खोळंबू दे.

पुढची कहाणी जास्त चीड आणणारी. पोलीस चौकीत हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मॅडम, तुमच्या खात्यातून पैसे गेले का?’ नाही गेले, यायचे होते ते आले नाहीत. ‘मग ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.’ खोटा स्क्रीनशॉट बनवून माल उचलला ही दिवाणी बाब? ‘माल म्हणजे काय, चित्रंच ना?’ शेजारचे साहेब हसले. ते हसू मी विसरणार नाही. लेखी अर्ज घेतला, पोच मागितली तर ‘उद्या या’. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तिथेही कुठल्या खात्यातून किती गेले हाच प्रश्न. बँक म्हणाली, असा व्यवहार आमच्याकडे नाही, पाठवणाऱ्याच्या बँकेला विचारा. लघुउद्योगांचा कायदा आहे, ४५ दिवसांत पैसे न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज वगैरे. तिथे कळलं की उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद, काम घेण्याआधीची हवी, माझी नंतरची. नोंदणी फुकट आहे, ऑनलाइन होते. आजच करून टाका. वकिलाच्या नोटिशीचे ३,५०० गेले आणि नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ शेऱ्यासह परत आली. तक्रार करणाऱ्यानेच आरोपीचा पत्ता, काकांचं नाव, सगळं शोधून द्यायचं असेल तर ही खाती कशासाठी आहेत?

पुण्यात अप्पा बळवंत चौकात माझी कार्डं २९९ रुपयांना मिळतात. डबा हातात घेतला, ‘ण’चं कार्ड काढलं. पिसं मागे वळलेली, छपाई झकास. दुकानदार म्हणाले, माल होलसेलवाल्याकडून येतो, आम्हाला काय माहीत. त्यांचं खरंच आहे.

आणखी एक. ‘पूर्ण पैसे मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित’ हे वाक्य कोटेशनमध्ये घाला आणि त्यावर सही घ्या. माझ्या कोटेशनमध्ये ते होतं, पण खाली सही नव्हती, फक्त व्हॉट्सॲपवर ‘ओके ताई’. मोबदला घेऊन काढून दिलेल्या चित्राचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. तेव्हा ‘चित्र माझं आहे’ या भरवशावर राहू नका.

परवा एका मैत्रिणीला अंकांच्या कार्डांसाठी विचारणा आली. नंबर नवा, लेटरहेड नवं, सुरुवात ‘ताई’ने, २५ टक्के लगेच. कोटेशनवर सही करून पाठवा म्हटल्यावर गायब झाला. तुम्हालाही आली असेल तर मेसेज डिलीट करू नका, नंबरासकट मला पाठवा. चौकीत पुन्हा जायचंय, यावेळी एकटी जाणार नाही.