बे विंडो घेताय? आधी कोपरा बघा

कोल्हापूरजवळ कळंब्याच्या बाजूला एका नव्या बंगल्यात पश्चिमेच्या भिंतीला यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकच्या फ्रेमची) बे विंडो, म्हणजे भिंतीबाहेर कोनात पुढे आलेली खिडकी, बसवली. मधला भाग ४ फूट, दोन्ही बाजूंना ४५ अंशांत २-२ फुटांचे पल्ले, उंची साडेचार फूट. पहिल्याच पावसाळ्यात दोन्ही कोपऱ्यांतून पाणी आत आलं आणि बसायच्या कट्ट्याचा प्लाय फुगला. खिडकी उतरवल्यावर एकेक गोष्ट बाहेर आली.

दर बोलताना माप भिंतीतल्या मोकळ्या जागेचं धरलं होतं, सुमारे ६.८ फूट रुंद, म्हणजे पावणेएकतीस चौरस फूट. बिल मात्र तिन्ही भागांच्या बेरजेवर, ८ × ४.५ = ३६. बेरजेने मोजणं रास्तच आहे, माल तेवढा लागतो. पण मोजायची पद्धत कोटेशनवर लिहिलीच नव्हती.

खरा घात कोपऱ्यात झाला. दोन फ्रेम कोनात जोडायला बे पोल हा उभा खांब लागतो, खाली सिलवर (खिडकीच्या उंबऱ्यावर) आणि वर लिंटेलला (खिडकीवरच्या तुळईला) घट्ट बसवलेला. इथे तो नव्हताच. फ्रेम एकमेकींना स्क्रूने ओढून फटीत सिलिकॉन भरलं होतं. यूपीव्हीसी उन्हाने लांबतं, रात्री आखडतं. पोल नसला की सांधा हलत राहतो आणि सिलिकॉन सुटतं. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्याला एवढी फट पुरते. फ्रेमच्या पोकळीत मजबुतीसाठी घालतात ते स्टीलही घातलं नव्हतं. हे कुणालाही तपासता येतं: लोहचुंबक फ्रेमवरून पूर्ण लांबीभर फिरवा. फक्त स्क्रूपाशी चिकटला, तर आत पोकळ आहे. ॲल्युमिनियमच्या पोलला चुंबक लागत नाही, म्हणून तो बसवताना समोर उभं राहूनच बघा.

बिलात काच टफन (तापवून मजबूत केलेली) लिहिली होती, पण कारागिराने ती जागेवर कापून बसवली होती. टफन काच कापता येत नाही, तिचा चुरा होतो; म्हणजे ही साधीच काच होती. जिथे मुलं टेकून बसणार, तिथे ही लबाडी जिवाशी खेळ आहे. काचेच्या कोपऱ्यातला न पुसणारा शिक्का बघूनच ती लावू द्या. कट्ट्याच्या प्लायवर आयएस ७१० हा पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा क्रमांक हवा. इथे ३०३, म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय निघाला.

बो विंडोत, म्हणजे कमानीसारख्या गोलाईत पुढे आलेल्या खिडकीत, ५ पल्ले म्हणजे ४ सांधे, बे विंडोच्या दुप्पट. कुणी ‘दर तोच’ म्हणाला, तर सांध्यात काय घालणार ते लिहून घ्या. शेवटचा हप्ता देण्याआधी बाहेरून पाइपने पंधरा मिनिटं पाणी मारा, खालून वर सरकत. फ्रेमच्या तळाच्या भोकांतून ते बाहेर पडलं पाहिजे.