सीओडी, टीओसी की यूव्ही: ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या) लॅबसाठी काय घ्यावं?

एरेशन टँकवर (सांडपाण्यात हवा सोडायच्या टाकीवर) आज सकाळी फेस चढला, तर बीओडीचं, म्हणजे पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो याचं, उत्तर येणार तीन दिवसांनी. तोवर पाणी नाल्यातून पुढे गेलेलं असतं. तरी बीओडी बंद करता येत नाही. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला 30 मिलिग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा त्याचीच आहे. प्रश्न आहे तो रोजचा प्लांट कशाच्या भरवशावर चालवायचा, हा.

सीओडी म्हणजे तीच घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन. त्याला दोन तास लागतात: डायक्रोमेट, सल्फ्युरिक ॲसिड, 150 अंश. ओपन रिफ्लक्सपेक्षा (फ्लास्कमध्ये उकळून मग टायट्रेशन) बंद व्हायल घ्या, तिचा रंग फोटोमीटर वाचतो. नमुना 2 मिली पुरतो, एका ब्लॉकमध्ये बरेच नमुने एकदम लागतात, आणि टायट्रेशनमधल्या फेरोइन या सूचकाचा रंग तांबूस नेमका कधी झाला यावरून दोन केमिस्टची जुंपत नाही. खोट दोन ठिकाणी आहे. क्लोराइड 2000 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर गेलं की आकडा फुगतो, आणि पिरिडीन असेल तर ते जवळपास दिसतच नाही. शिवाय वापरलेल्या व्हायलमध्ये पारा, क्रोमियम आणि चांदी असते. ती बेसिनमध्ये ओतायची नाही, घातक कचरा म्हणूनच द्यायची.

टीओसी, म्हणजे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन, काही मिनिटांत होतं, त्यात पारा नाही, डायक्रोमेट नाही. नमुना भट्टीत जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा, इतकंच. विक्रेता म्हणेल, ‘आकड्याला अमुकनं गुणा, सीओडी मिळेल.’ इथे सावध राहा. ग्लुकोजला तो गुणक 2.67 येतो, मिथेनॉलला 4, ऑक्झॅलिक ॲसिडला जेमतेम 0.67. साखर कारखान्याचं पाणी हंगामभर साधारण एकाच जातीचं, तिथे गुणक बसवता येतो. बॅचवर चालणाऱ्या औषध कारखान्यात सोमवारचा गुणक बुधवारी खोटा ठरतो. त्यातही बायकार्बोनेटचा कार्बन मोजला जाऊ नये म्हणून ते घालवायला आम्ल टाकून हवा सोडतात, तेव्हा ॲसिटोनसारखं सॉल्व्हंट थोडंफार मोजणीआधीच उडून जातं.

यूव्ही 254, म्हणजे 254 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पाणी किती शोषतं ते मोजणं, सगळ्यात स्वस्त. रिएजंट नाही, उत्तर तत्काळ. पण त्याला दिसतात ती मुख्यतः बेंझिनसारखी कडी असलेली संयुगं. साखर आणि अल्कोहोल त्याला पाण्यासारखीच. म्हणजे डाय किंवा फिनॉलच्या कारखान्यात उत्तम पहारेकरी, डिस्टिलरीत मळीचा तपकिरी रंग दिसेल, अल्कोहोल नाही. ऑनलाइन ‘सीओडी मीटर’ म्हणून विकली जाणारी बरीच यंत्रं आतून हेच मोजतात. घेण्याआधी विचारा.

माझ्या हातात पैसे असते तर आधी व्हायल आणि फोटोमीटर, मग इनलेटला यूव्ही. टीओसी तेव्हाच, जेव्हा नमुने दिवसाला वीसेक असतील आणि पाणी एकसुरी. ऑर्डरआधी आपलंच पाणी महिनाभर सीओडी आणि टीओसी दोन्हीकडे लावून पाहा, बॅच बदलण्याचे दिवस धरून. पाणी खारं असेल तर भट्टीची नळी आणि कॅटॅलिस्ट किती दिवस टिकतं हेही लेखी मागा. मीठ दोन्ही खातं, आणि वॉरंटीत ते सहसा बसत नाही.