बी रुजवायला ग्रो लाइट: आठ महिने वापरल्यावर

आमचा फ्लॅट पुण्यात, बाल्कनी उत्तरेला. उजेड असतो पण ऊन म्हणाल तर मे-जूनमध्ये सकाळी थोडंसं, बाकी वर्षभर नाहीच. कुंड्या सोसायटीच्या टेरेसवर ठेवायची परवानगी आहे, पण बी तिथे रुजवायला गेलं की पावसात ट्रे धुऊन निघतो, त्यातून वाचलं ते कबुतरं उपटतात. म्हणून गेल्या जूनमध्ये ठरवलं की टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं घरातच लाइटखाली करायची.

पहिला घेतला तो जांभळा पॅनल, म्हणजे रोपं वाढवायला विकतात तो लाल-निळ्या एलईडींचा ग्रो लाइट. ऑनलाइन, साडेतीन हजाराला, खोक्यावर मोठ्या अक्षरात १००० वॅट. प्लगला लावायचा मीटर आणून मोजलं तर ९५ वॅट खेचत होता. मला खूप राग आला, कारण ९५ वॅट लिहून विकला असता तरी मी विचार केला असता, पण हे सरळ फसवणं झालं. तरी चालवला.

आणि रोपं आली, तशी वाईट नाही आली, पण त्या लाइटखाली हिरवं पान काळं दिसतं. म्हणजे रोप फिकट पडलंय का, पानावर डाग आहे का, काही कळतच नाही. तिसऱ्या आठवड्यात टोमॅटोची नऊ रोपं एका रात्रीत आडवी झाली. ट्रे खिडकीपाशी नेऊन बघितला तेव्हा दिसलं, मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक आणि पाणचट तपकिरी झालेला. मर रोग. बुरशी लाइटमुळे आली नाही, पाणी माझंच जास्त झालं होतं, पण साध्या उजेडात असती तर दोन दिवस आधी नजरेला पडली असती आणि बाजूची तरी वाचली असती.

मग पॅनल ठेवला बाजूला आणि इलेक्ट्रिकच्या दुकानातून साध्या एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारख्या लांब पट्ट्या) आणल्या, ४ फुटी, २० वॅटच्या चार, ६५०० केल्विनवाल्या, म्हणजे नेहमीच्या पांढऱ्या. अडीचशेला एक. झाडाला फक्त लाल आणि निळाच प्रकाश लागतो असं विकणारे सांगतात, ते अर्धवट आहे, पान हिरव्या प्रकाशातूनही अन्न बनवतं, मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने १९७२ सालीच वेगवेगळ्या पिकांची पानं घेऊन ते मोजून दाखवलंय. त्यामुळे पांढरा लाइट चालतो आणि खोलीत माणसाला बसताही येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अंतर. सुरुवातीला बॅटन ट्रेपासून दीड फूट वर बांधल्या होत्या. खोली लख्ख दिसायची पण रोपं काडीसारखी वाढली, दोन बीदलांच्या (बियातून निघणाऱ्या पहिल्या पानांच्या) खाली चार बोटं नुसता पांढरट देठ, मान टाकलेली. मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेड किती ते, मोजायचं ॲप टाकलं तर तिथे पाच हजारसुद्धा नव्हते. बाहेर भर उन्हात लाखाच्या आसपास असतात. साखळीने बॅटन चार-पाच इंचांवर आणल्या तर बारा हजारच्या जवळ आलं. पांढऱ्या एलईडीला लक्सचा आकडा साधारण ७० ने भागला की झाडाच्या हिशोबातला आकडा येतो, म्हणजे पानाला वापरता येईल असा प्रकाश किती पडतो तो, पीपीएफडी म्हणतात त्याला, म्हणजे १७० वगैरे झाला. कोवळ्या रोपांना १०० ते ३०० चांगला. मोबाइलचा सेन्सर काही अचूक नसतो, पण लाइट वर घ्यायचा की खाली तेवढं कळायला पुरतो. दुसऱ्या खेपेची रोपं बुटकी, जाड देठाची आली, वांग्याच्या देठावर जांभळट छटा होती, बघून इतकं बरं वाटलं!

टायमर लावून पहाटे पाच ते रात्री आठ, १५ तास. चार बॅटनचे ८० वॅट, म्हणजे दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. बी उगवेपर्यंत लाइट लावायची गरज नाही, टोमॅटो-मिरचीचं बी अंधारातही उगवतं, पण पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे लाइटखाली न्या, एक दिवस उशीर झाला तरी मान लांब होते.

डिसेंबरमध्ये मिरची उगवेचना, बारा दिवस झाले तरी ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तसंच. ट्रे उचलून रॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवला, जिथे खालच्या बॅटनची ऊब लागते. पाचव्या दिवशी वाकलेले पांढरे कोंब दिसले.

एक चूक मात्र सांगतेच. लाइटखालची रोपं थेट टेरेसवर नेली, दुपारी तीनला पानं कागदासारखी पांढरी. आता पहिल्या दिवशी सकाळचा एकच तास, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवस. आणि छोटा पंखा, सगळ्यात कमी स्पीडवर, दिवसातून दोन तास. देठ हलून हलून घट्ट होतो आणि कोकोपीटचा वरचा थर कोरडा राहतो, तेव्हापासून मर परत आली नाही.

परत घ्यायची वेळ आली तर बॅटनच घेईन. तयार ग्रो लाइट घ्यायचाच असेल तर पांढरा घ्या आणि खरे किती वॅट खेचतो ते विचारा, सांगत नसतील तर सोडून द्या.

आत्ता रॅकवर उन्हाळी वांगी आणि भोपळी मिरची आहे, चौथं-पाचवं खरं पान आलंय. एक बॅटन परवापासून टोकाला लुकलुकतेय, दोन वर्षांची वॉरंटी आहे, बिल शोधून ठेवलंय, शनिवारी दुकानात नेते.