कोलोमे तोरोंतेस: नाकाला गोड, जिभेला कोरडी

अर्जेंटिनाच्या साल्ता प्रांतातली ही पांढरी वाइन ग्लासात ओतली की मोगरा, गुलाब, संत्र्याची साल आणि पिकलेलं पीच असा वास दरवळतो. वासावरून गोड वाटते, पण घोट घेतला की लक्षात येतं, ही पूर्ण ड्राय, म्हणजे गोडी नसलेली आहे. शेवटी जिभेवर किंचित कडवट छटाही राहते. गोड वाइन हवी असेल, तर लेबलवर 'तार्दीओ', म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, असं लिहिलेली बाटली घ्या.

तो वास आईकडचा म्हणा की बापाकडचा, पण वारशाने आलेला आहे. मस्कॅट ऑफ अलेक्झांड्रिया हे सुगंधी द्राक्ष आणि स्पॅनिश वसाहतीच्या काळात अमेरिकेत आलेलं क्रिओया चिका यांच्या नैसर्गिक संकरातून तोरोंतेस रिओहानो हा द्राक्षाचा वाण अर्जेंटिनातच जन्मला. सानहुआनिनो आणि मेंदोसिनो या नावाचे आणखी दोन तोरोंतेस आहेत. सुगंधात रिओहानो त्यांच्या पुढे. स्पेनमध्ये त्याच नावाने मिळणाऱ्या द्राक्षाशी याचा संबंध नाही.

कोलोमे ही 1831 सालची वायनरी कालचाकी खोऱ्याच्या वरच्या भागात आहे. तोरोंतेसची द्राक्षं मात्र खाली काफायातेच्या मळ्यांतून येतात. हे मळे समुद्रसपाटीपासून सुमारे 1700 मीटरवर. पाऊस नगण्य, त्यामुळे वेलींना पाणी पाटाने किंवा ठिबकने द्यावं लागतं. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा: उन्हाने साखर भरते, गारठ्याने आंबटपणा टिकतो. जुन्या वेली तिथे मांडवावरच चढवतात, आपल्याकडे सांगली-नाशिकला असतात तशाच. पानांच्या सावलीत घड भाजत नाहीत. या वाणाला ते फार मानवतं.

कारण तोरोंतेस बिघडायला सोपं. तोडणीला उशीर झाला की आंबटपणा उतरतो, अल्कोहोल चढतं आणि वाइन अत्तरासारखी जड लागते. रस काढताना साली जास्त दाबल्या की कडवटपणा घशाशी बसतो. कोलोमेने दोन्ही सांभाळलंय. कडवटपणा ग्रेपफ्रूटच्या सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्याइतका नाही, संत्र्याच्या पातळ सालीइतकाच आहे, आणि लाकडी पिंपाचा वास मध्ये येत नाही.

तापमान 8 ते 10 अंश ठेवा. फ्रिजमध्ये तीन तास, किंवा बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं भरलेल्या बादलीत 20-25 मिनिटं. नुसत्या बर्फात बाटली सगळीकडून गार होत नाही. 5 अंशांखाली सुगंध मिटतो. 14 च्या वर अल्कोहोल आणि कडवटपणा पुढे येतो. ग्लास एक तृतीयांशच भरा. तिथली तोडणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणून त्याच सालच्या युरोपी वाइनपेक्षा ही सहाएक महिने मोठी असते. साल बघून ताजी बाटली घ्या आणि दोन वर्षांत संपवा. साठवून ती सुधारत नाही, वास तेवढा विरतो.

साल्तात हिच्यासोबत करंजीसारख्या एम्पानादा असतात, आत सारण: हाताने बारीक चिरलेलं गोमांस, बटाटा, पातीचा कांदा, जिरं, उकडलेलं अंडं. जिरं आणि कांद्याच्या गोडीला हा सुगंध छान धरतो. त्याहून सरस म्हणजे उमिता, कोवळा मका वाटून कणसाच्या पानात शिजवलेली, आणि शेळीच्या दुधाचं चीज.

आपल्या जेवणात नारळाच्या रसातली, आलं-कोथिंबीर घातलेली सौम्य कोळंबी उत्तम. कोथिंबीर वडी आणि सुरळीच्या वड्याही जमतात. तांबडा रस्सा नको. 13-14 टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल तिखट आणखी पेटवतं. चिंच-कोकम जास्त असेल तर वाइन मिळमिळीत लागते, कारल्याने कडू वाढतं आणि श्रीखंडासोबत ती चक्क आंबट होते.