शेअर खरा, कंपनी खरी, खातेही आपलेच. तरी पैसे गेले कसे?

फसवणूक म्हटले की बनावट ॲप, खोटे संकेतस्थळ किंवा एका रात्रीत शटर ओढून पसार झालेली ठेव कंपनी डोळ्यांसमोर येते. धामणगाव रेल्वे तालुक्यातील आमच्या गावात आणि लगतच्या चार-पाच गावांत जे घडले, त्यात यातले काहीही नव्हते. डिमॅट खाती (ज्यांत शेअर जमा होतात ती) शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे नोंदणी असलेल्या ब्रोकरकडे आमच्याच पॅन व आधारवर उघडलेली होती, शेअर मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे होते आणि ते आजही आमच्या खात्यात जसेच्या तसे पडून आहेत. तरीसुद्धा आमच्या घरातील चार लाख वीस हजार रुपये आणि काकाजींचे त्याहून बरेच अधिक पैसे बुडाल्यात जमा आहेत. तक्रार द्यायला गेल्यावर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न हाच झाला की, शेअर तुमच्या नावावर आहेत, कंपनी सुरू आहे, मग तुम्हाला फसवले कोणी? त्या वेळी याचे नीट उत्तर आम्हाला देता आले नव्हते. पुढे कागद चाळून जे कळले ते, इतर कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून, सविस्तर लिहीत आहे.

आमच्या भागात हा पैसा आला कुठून, हे आधी सांगायला हवे, कारण फसवणाऱ्याला ते आमच्याइतकेच ठाऊक होते. नागपूर–मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांमधून जातो आणि त्यासाठी जमीन देणाऱ्यांना मोबदल्याची रक्कम थेट बँक खात्यात मिळाली. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, तोवर ज्यांना घरे बांधायची होती त्यांनी बांधली, ज्यांना दुसरीकडे वावर घ्यायचे होते त्यांनी घेतले आणि उरलेली रक्कम मुदत ठेवीत गेली. कोणाचा गट किती गेला आणि कोणाला किती मिळाले, हे गावात पोराटोरांनाही पाठ असते. ठेवींच्या मुदती संपत आल्या, त्याच सुमारास, म्हणजे २०२४ च्या कापूस हंगामात, तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर शेअर मार्केटचे क्लासेस सुरू झाले.

क्लास चालवणाऱ्याचे नाव येथे देत नाही. त्याची आई आमच्याच गावची, त्यामुळे गावातील प्रत्येक वडीलधारा माणूस त्याचा मामाजी. बोलणे आर्जवी, कपडे साधे, आणि फी फक्त पाचशे रुपये. भिंतीवर शेअर बाजारविषयक परीक्षा घेणाऱ्या एनआयएसएम या संस्थेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र काचेत मढवून लावलेले होते आणि तेच सरकारी परवाना म्हणून दाखवले जात होते. परीक्षा पास होणे वेगळे आणि सेबीकडे नोंदणी असणे वेगळे, हा फरक तेथे कोणी समजावून सांगणार नव्हते. कोणता शेअर घ्या, कोणता विका, हे पैसे घेऊन सांगणाऱ्या माणसाकडे सेबीचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक ‘आयएनएच’ या अक्षरांनी आणि गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो, आणि तो खरा आहे की नाही हे सेबीच्या संकेतस्थळावर मोबाइलवरूनच पाहता येते. ‘आम्ही टीप देत नाही, फक्त शिकवतो’ ही पळवाटही आता अरुंद झाली आहे, कारण जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने सेबीने निव्वळ शिक्षण देणाऱ्याला गेल्या तीन महिन्यांतील शेअरचे भाव वापरायला मनाई केली. समोरचा माणूस आजचा भाव दाखवून शिकवत असेल, तर ते शिक्षण नाही एवढे ओळखावे.

महिनाभर त्याने खरोखर चांगले शिकवले, हे मान्य करायला हवे. नफा-तोटा पत्रक म्हणजे काय, लार्ज कॅप कोणती, मिड कॅप कोणती, हे सगळे त्याने फळ्यावर लिहून सांगितले. बाजारमूल्यानुसार पहिल्या शंभर कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि २५१ पासून पुढच्या सगळ्या स्मॉल कॅप, ही वर्गवारी मला त्याच्याकडूनच कळली. त्याने सांगितले नाही ते हे की, या ‘पुढच्या सगळ्या’मध्ये हजारो कंपन्या येतात, त्यांतल्या तळाच्या कंपन्यांचे शेअर मूठभर लोकांच्या हातात असतात आणि अशा शेअरचा भाव वर-खाली करायला फार मोठे भांडवल लागत नाही.

मग टेलिग्रामवरच्या गटात एका कंपनीचे नाव आले. कंपनी जुनी होती, पूर्वी कापडाचा व्यापार करीत असे, आणि वर्षा-दीड वर्षापूर्वी तिने नाव बदलून शेवटी ‘टेक’ जोडले होते. आता ती कृत्रिम बुद्धिमत्ता, शेतीसाठी ड्रोन आणि मृदा परीक्षणाचे सॉफ्टवेअर यांत उतरणार, असे सांगितले गेले. शेतकऱ्याला भुलवायला यापेक्षा नेमका विषय शोधून सापडणार नाही. नाव बदलून नवा धंदा सुचवायचा असेल तर मागील एका वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान ५० टक्के त्या नव्या धंद्यातून आलेले असावे, असा सेबीचा नियम आहे. कंपनीने तो कागदावर पाळलाही होता. वार्षिक अहवालात एकाच ग्राहकाला ‘सॉफ्टवेअर सेवा’ विकल्याची नोंद होती आणि ती जवळपास सर्व रक्कम वर्षअखेरीस येणे बाकी होती. विक्री झाली पण पैसा आला नाही, असे ज्या ताळेबंदात दिसते तेथे पुढची पाने वाचायची गरज उरत नाही, असे माझे मत झाले आहे.

आता मुख्य मुद्दा. शेअर बाजारात बहुतेक शेअरना दिवसभरात किती वर किंवा खाली जाता येईल याची मर्यादा असते. ती २, ५, १० किंवा २० टक्के असू शकते आणि तिलाच सर्किट म्हणतात. आमच्या शेअरला पाच टक्क्यांचे सर्किट होते. रोज सकाळी बाजार उघडला की तो पाच टक्के वर जाऊन थांबायचा आणि विकणारा कोणीच नसायचा. रोज पाच टक्के या हिशेबाने भाव पंधरा दिवसांत दुप्पट होतो, आणि ते आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. अठरा रुपयांचा शेअर साठ झाला, सत्तर झाला, पण घ्यायला गेल्यावर मिळेना. एखाद्याला चाळीस-पन्नास शेअर मिळाले की तो गटात चित्र टाकायचा आणि बाकीचे हळहळायचे. बाजार समितीच्या यार्डात दोन व्यापाऱ्यांनी संगनमताने एकमेकांवर बोली चढवत न्यावी आणि बाहेरच्याला वाटावे की मालाला मागणी आली आहे, तसाच हा प्रकार होता. फरक इतकाच की यार्डात माणसे दिसतात आणि येथे फक्त आकडे दिसतात.

मग एका सोमवारी शेअर मिळू लागला. भाव नव्वदच्या आसपास होता, आणि ज्याने जितके मागितले तितके त्याला दोन मिनिटांत मिळाले. क्लासवाल्याचा फोन आला, तो बाबांनी स्पीकरवर ठेवला होता: “मामाजी, आज माल भेटून राह्यला. घेऊन टाका, उद्या पुन्हा सर्किट लागन.” खरेदी करताना ब्रोकरच्या ॲपवर पिवळ्या चौकटीत सूचना आली की हा शेअर अतिरिक्त निगराणीखाली आहे, जोखीम समजून घ्या. त्यावर त्याचे उत्तर तयार होते, “ते सगळ्याच चांगल्या शेअरले दाखवते, पुढं जा दाबा.” काकाजींनी त्या आठवड्यात ठेव मोडली. कापूस विकून आलेले पैसेही त्यात गेले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता, म्हणजे एक लाख रुपये उभे करायला तेरा क्विंटलांहून अधिक कापूस लागतो, आणि आमच्याकडच्या कोरडवाहू वावरात ते साधारण तीन एकरांचे पीक झाले.

इतके दिवस ज्याला विक्रेता नव्हता, त्याचे हजारो विक्रेते एकाच दिवशी कसे उगवले, हा प्रश्न त्या दिवशी विचारायचा होता. उत्तर सरळ आहे. ज्यांनी अठराच्या आसपास आणि त्याखाली शेअर जमवले होते, ते त्या दिवसापासून विकत होते, आणि त्यांना घेणारे हवे होते. आम्ही ते घेणारे. आमच्यासारखे घेणारे केवळ विदर्भात नव्हते; असेच गट इतर ठिकाणीही चालवले गेले असणार, कारण आमच्या चार-पाच गावांच्या पैशात एवढा माल खपला नसता.

आठ-दहा दिवस भाव नव्वद ते शहाण्णवच्या मध्ये रेंगाळला आणि मग खालचे सर्किट लागले. त्या पडद्याचे वर्णन करतो, कारण तो पाहिल्याशिवाय या फसवणुकीचा अंदाज येत नाही. ॲपवर शेअरच्या नावाला बोट लावले की दोन रकाने दिसतात. डावीकडे घेणाऱ्यांची मागणी, उजवीकडे विकणाऱ्यांची. डावीकडे पाचही ओळींत शून्य होते. उजवीकडे एकाच भावाला सात लाखांहून अधिक शेअर विकायला रांगेत उभे होते आणि त्या रांगेत कुठेतरी आमचेही होते. त्याच वेळी वर मोठ्या अक्षरांत आमच्या गुंतवणुकीचे ‘मूल्य’ तीन लाख नव्वद हजार दिसत होते. घेणाराच नसताना त्या आकड्याला काही अर्थ नव्हता, पण तो दिसत होता म्हणून बाबांना धीर वाटत होता. रोज पाच टक्के खाली, असे दहा दिवस झाले की शंभरातले चाळीस जातात आणि वीस दिवसांत चौसष्ट. बाबा रोज सकाळी विक्रीची ऑर्डर टाकायचे आणि साडेतीनला ती आपोआप रद्द व्हायची. गटात मात्र ‘कमजोर हात बाहेर पडत आहेत, धरून ठेवा, सरासरी करा’ (म्हणजे पडत्या भावात आणखी घ्या) असे संदेश येत होते, आणि एक दिवस गटच नाहीसा झाला. आता तो शेअर अकरा रुपयांच्या आसपास आहे आणि दिवसाला काहीशेच शेअरचा व्यवहार होतो.

सर्वांत चीड आणणारी गोष्ट अशी की, यातले बहुतेक सारे फुकट आणि उघड उपलब्ध होते. नोंदणीकृत कंपनीला दर तिमाहीला भागधारणेचा तक्ता (कोणाकडे किती शेअर आहेत याचा) शेअर बाजाराकडे द्यावा लागतो आणि तो मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. आमच्या कंपनीच्या तक्त्यात प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचा, वाटा तिमाहीगणिक घटत गेला होता, आणि दोन लाखांपर्यंतचे भागभांडवल धारण करणाऱ्या व्यक्ती या रकान्यातील संख्या काहीशे होती ती काही हजार झाली होती. मधल्या काळात काही अपरिचित नावांना प्राधान्य तत्त्वावर, म्हणजे कंपनीने निवडून थेट, स्वस्तात शेअर दिले गेले होते. प्रवर्तकांखेरीज इतरांना दिलेल्या अशा शेअरवरील विक्रीबंदीची मुदत २०२२ पासून सहा महिन्यांवर आली आहे, आणि आम्हाला माल मिळू लागला तो काळ ती मुदत संपण्याच्या काळाशी जुळतो. एका दिवसात कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक शेअरची उलाढाल कोणी केली तर त्याचे नावही त्याच दिवशी जाहीर होते. त्या यादीत विकणारे म्हणून हीच नावे होती.

हा प्रकार नवा नाही. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबाबत सेबीने मार्च २०२३ मध्ये दिलेल्या अंतरिम आदेशात हेच चित्र आहे: यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ, भावात उसळी, छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर, आणि त्याच काळात मोठ्या भागधारकांची चढ्या भावाने विक्री. साधन टेलिग्राम असो, यूट्यूब असो की कृषी केंद्राच्या वरचा क्लास असो, भागधारणेच्या तक्त्यातील प्रवर्तक आणि छोटे भागधारक हे दोन रकाने तेच सांगतात.

तक्रारीचे म्हणाल तर, सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण आपला पैसा कोणा भामट्याच्या खात्यात न जाता ब्रोकर आणि शेअर बाजारामार्फत विकणाऱ्याला मिळालेला असतो आणि तो गोठवण्यासारखा राहत नाही. सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार यंत्रणेवर ब्रोकर किंवा कंपनीविरुद्धची तक्रार करता येते आणि त्यांना २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. भावातील हेराफेरीचा आरोप मात्र सेबी माहिती म्हणून घेते आणि चौकशी झालीच तर तिला वर्षे लागतात. सेबीचा १८०० २६६ ७५७५ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. आम्ही सेबीकडे लिहिले आहे. टेलिग्रामचे संदेश, फोनच्या नोंदी आणि पाचशे रुपये फीच्या पावत्या जोडल्या आहेत. गट नाहीसा होण्यापूर्वी काकाजींच्या मुलाने संदेश उतरवून ठेवले नसते तर जोडायला काहीच नव्हते.

हल्ली आणखी एक फोन येऊ लागला आहे. बोलणारा हिंदीत बोलतो, आमच्याकडे कोणते शेअर किती आहेत हे त्याला बरोबर ठाऊक असते, आणि ‘तुमचे शेअर आम्ही बाजाराबाहेर तीस रुपयांनी घेतो, फक्त कर व मुद्रांकापोटी आधी आठ हजार भरा’ असे तो सांगतो. आमच्या गावातील दोघांनी ते भरले आणि त्यानंतर तो क्रमांक लागत नाही. या पैशांसाठी मात्र १९३० चा उपयोग आहे आणि तेथे त्यांनी तक्रार नोंदवली आहे. बाबांनी अकरा रुपयांनी विकायचे ठरवले आहे, जितके जातील तितके, कारण विक्री झाल्याशिवाय तोटा धरला जात नाही, आणि आयकर विवरणपत्र मुदतीत भरले तर हा भांडवली तोटा पुढील आठ वर्षे शेअर किंवा बिगरशेती प्लॉट विकून होणाऱ्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो. काकाजी अजून विकायला तयार नाहीत.