डावा कान मंद असेल तर बायनॉरल बीट्ससाठी ऑडॅसिटीच बरं

मी नागपूरच्या प्रतापनगरात हार्मोनियम शिकवतो, पेट्याही स्वतःच जुळवतो. जोडीचे दोन सूर किंचित जरी चुकले तरी हवेत लहर उठते, म्हणजे आवाज कमी-जास्त डोलतो. ती थांबेपर्यंत पत्ती घासायची, हा रोजचा उद्योग. बायनॉरल बीट्समध्ये, म्हणजे हेडफोनमधून दोन कानांत दोन किंचित वेगळे सूर ऐकताना, मात्र हवेत अशी लहर नसतेच. एका कानात ४४० हर्ट्झ, दुसऱ्यात ४४६; सेकंदाला सहा ठोके बनतात ते मेंदूच्या बुंध्याशी, दोन्ही कानांचे संदेश पहिल्यांदा एकत्र येतात तिथे. डोव्ह या जर्मन शास्त्रज्ञाला हे १८३९ मध्येच सापडलं होतं.

लहानपणी कान फुटल्याने माझा डावा कान मंद आहे. रामदासपेठेत काढलेल्या ऑडिओग्राममध्ये (कान तपासणीच्या आलेखात) ५०० हर्ट्झला उजवा १५ डेसिबलवर, डावा ४५ वर, म्हणजे डाव्याला बराच मोठा आवाज लागतो. बायनॉरल बीट्ससाठी पैसे भरून घेतलेल्या अॅपमध्ये ‘गाढ झोप’, ‘एकाग्रता’ अशी बटणं भरपूर, पण दोन कानांचे आवाज वेगळे करायची सोय नाही. कोणत्या कानात किती हर्ट्झ चाललेत, तेही सांगत नाही. झोपेच्या दाव्यांबद्दल संशोधनाचं एकमत नाही. मला तर आधी ठोका नीट ऐकू यायला हवा होता.

ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. दोन ट्रॅक घेतले, टोन भरले, एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. टोन भरतानाच अॅम्प्लिट्यूड (आवाजाचा जोर) ०.०५ इतकं कमी ठेवा, नाहीतर पुढे एक बाजू वाढवली की आवाज फाटतो. समान पातळीवर सगळा सूर उजव्या कानाशी चिकटतो. तरी ठोका पुसट का होईना, येतोच! हवेतल्या लहरीला दोन्ही सूर साधारण सारख्या जोराचे लागतात. इथे तशी अट नाही. मग डाव्या ट्रॅकची आवाज वाढवायची सरकपट्टी हळूहळू वर नेली. २० डेसिबलच्या आसपास सूर उजवीकडून सुटला, कपाळामागे आला आणि ठोका स्पष्ट झाला. दोन्ही कान चांगले असलेल्या माझ्या विद्यार्थ्याला समान पातळीवरच ऐकवलं, तर तो म्हणाला, “सर, हे तर डोक्याच्या मधातच वाजून राहिलं!” अगदी तेच.

दोन्ही सूर १५०० हर्ट्झच्या वर नेले की ठोका गायब. एवढ्या वेगाच्या कंपनांचा दोन कानांतला ताल मेंदूचा बुंधा ताडून पाहू शकत नाही. ४०० ते ५०० मध्ये सगळ्यात छान.

एका कानाने कमी ऐकणारे बरेच जण फोनवर ‘मोनो ऑडिओ’ चालू ठेवतात. गाण्यांसाठी ते ठीक, पण इथे दोन्ही सूर आधीच मिसळतात आणि जे ऐकू येतं ते साधं, हवेतल्यासारखं डोलणं. ओळखायला सोपं आहे: हेडफोनची एक बाजू काढा. ठोका तरीही चालूच राहिला, तर तो बायनॉरल नव्हे.

उणिवा? हे फक्त कॉम्प्युटरवर चालतं, आणि नवख्याला मेनू अंगावर येतो. हेडफोन वायरचे, कान झाकणारे घ्या. माझे सीताबर्डीचे साधेच आहेत. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत हा नाजूक ठोका बुडतो, म्हणून पहाटेच ऐकतो. मंद कानाचा आवाज वाढवताना दोन-दोन डेसिबलनेच वाढवा, आणि सूर मधोमध आला की तिथेच थांबा. फाइल फोनवर न्यायची तर स्टिरिओ डब्ल्यूएव्ही करून न्या.